आबूला दोन वाटांनी

आक्का, तुम्हाला जाऊन आता दोन आठवडे होत आले. तुमच्या आजारपणात राहायला आले ती मी अजून तुमच्याच घरी आहे. तुमच्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही, असं मी लिहिलं असतं तर तुम्हीच आधी हसला असता. बसतात. काल मीच बसले होते, तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत. आण्णा जेवतात, दुकानात जातात, आल्यावर चपला दाराच्या मधोमध काढतात, आणि त्या बाजूला सारायला तुम्ही नाही म्हणून मी सारते. एवढाच काय तो फरक, असं दिवसभर वाटत राहतं. मग फोन वाजतो आणि मी सवयीनं ओरडते, "आक्का, तुम्ही घ्या, माझे हात पिठाचे आहेत." फोन वाजत राहतो. माझी धाकटी उमा येऊन उचलते आणि माझ्याकडं न बघता बोलते.

भेटायला माणसं येतात. कुणी तुमच्या हातच्या कटाच्या आमटीचं नाव काढतं, कुणी तुमच्या तोंडाचं. तुमचं तोंड फटकळ होतं, हे सगळे डोळे पुसत पुसत सांगतात. राजस्थानच्या सहलीबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण ती नेमकी काय होती हे घराबाहेर कुणाला ठाऊकच नाही. घरातल्यांना ठाऊक आहे, पण आपल्या घरातले पुरुष असल्या गोष्टी बोलणाऱ्यांतले नव्हेत. म्हणून मी लिहिते. तुम्हाला माहीत असलेलंच लिहिते आहे. चुकलं तर रागवायला तुम्ही नाही, ही एक सोय झाली.

मी लग्न होऊन सांगलीहून कोल्हापूरला तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही तिथल्या जुन्याजाणत्या थोरल्या सूनबाई होतात. माहेर निपाणीकडचं, त्यामुळं राग आला की कानडी आणि राग गेला की मराठी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही बजावलंत, "मला जाऊबाई-बिऊबाई म्हणू नकोस. आक्का म्हण." तुम्हाला मूल नव्हतं. हे मी एकदाच लिहिते, कारण तुम्हीही ते माझ्यापाशी एकदाच बोलला होतात, तांदूळ निवडता निवडता, आणि लगेच तांदळातल्या खड्यांवर घसरला होतात. माझ्या दोन्ही मुली, विद्या आणि उमा, तुमच्याच अंगाखांद्यावर वाढल्या. मला त्या आई म्हणायच्या आणि तुम्हाला दोड्डव्वा, म्हणजे कानडीत थोरली आई. शाळेत बक्षीस मिळालं की माझ्याकडं धावायच्या आणि ताप आला की तुमच्याकडं.

भांडण कापडावरनं झालं. पेठेतलं दुकान सासऱ्यांपासूनचं. आण्णा, म्हणजे तुमचे मालक आणि माझे थोरले दीर, गल्ल्यावर बसायचे. हे धाकटे, हे माल आणायचे आणि गिऱ्हाइकाला दाखवायचे. नव्वद सालानंतर रेडिमेडची हवा आली. ह्यांचं म्हणणं, आपणही ठेवू या. आण्णांचं म्हणणं, शिवून आणलेलं ते कापड न्हवं. वर्षभर हा वाद जेवणाच्या ताटावर चालला आणि तोवर काही बिघडलं नव्हतं. मग एक दिवस लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या देखत आण्णा म्हणाले, "दुकान माझं हाय. तू हितं कामाला हायस, मालक न्हवंस." ह्यांनी हातातला तागा गादीवर ठेवला, चपला घातल्या आणि घरी आले. महिनाभरात आम्ही उचगावात भाड्याच्या घरात होतो. तिथं ह्यांनी रेडिमेडचं लहानसं दुकान घातलं.

तीन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. मुलींनी पेठेतल्या घरी जायचं नाही, असं ह्यांनी सांगून टाकलं. सासूबाईंना, आपल्या अव्वाला, भेटायला हे दुपारी जायचे, आण्णा दुकानात असताना. त्या घरात हे फक्त अव्वाच्या खोलीत बसत, पाणीसुद्धा तिच्याच तांब्यातलं पीत. तुम्ही दारात उभ्या राहून विचारायचात, "पोरी बऱ्या हाइत न्हवं?" हे "व्हय" म्हणायचे. तेवढंच.

आपलं मात्र चालू होतं. दर शुक्रवारी कपिलतीर्थाच्या मंडईत आपण भेटायचो. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा योगायोगानं भेटलो आणि दुसऱ्यांदा दोघींनीही तो योगायोग घडवून आणला. भाजी घेऊन झाली की रसवंतीच्या बाकड्यावर बसायचं. तुम्ही मुलींचं सगळं विचारायचात, अगदी कुणाचा कुठला दात पडला इथपर्यंत. एका शुक्रवारी तुम्ही पिशवीतनं विद्याचा जुना शाळेचा नकाशा काढलात. घर सोडताना तो तिथंच राहिला होता.

"सुनंदा, आपण राजस्थान करू या."

"आपण म्हणजे कोण?"

"सगळी."

"सगळी एका गाडीत बसायची न्हाइत, आक्का."

"एका गाडीत कोण म्हणतंय? दोन गाड्यांत बसू."

मला वाटलं चेष्टा. पण तुम्ही अहमदाबादवर दोन बोटं ठेवलीत. "हितनं तुमी उजवीकडनं जायचं. उदेपूर, चितोड, जयपूर, जोधपूर. आमी डावीकडनं. जोधपूर, जयपूर, चितोड, उदेपूर." दोन्ही बोटं उलटसुलट फिरली आणि खाली येऊन एका ठिकाणी टेकली. "आणि शेवटी दोघांनी आबूला. डोंगरावर. तितनं खाली पळून जायाला एकच रस्ता हाय."

मी विचारलं, राजस्थानच का? तुम्ही म्हणालात, "आपल्याकडं गडाचे उरल्याले दगड लई बघितले. एकदा छप्पर शाबूत असल्यालं कायतरी बघू या की."

त्या दिवसापासून आपला जो वाद सुरू झाला तो अखेरपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं होतं, आबू आधी करू. अहमदाबादहून ते वाटेवर पडतं, माणसं ताजी असतात, भेट झाली तर पुढची सहल तरी एकत्र होईल. तुमचं म्हणणं, ताजी माणसं भांडत्यात. दमल्याली माणसं भांडत न्हाइत. मी म्हणायचे, दमलेली माणसं जास्त भांडतात, आमच्या ह्यांना रात्रीच्या प्रवासानंतर सकाळी बघा. तुम्ही म्हणायचात, आमचं ह्ये दमलं की गोगलगाय हाय. शेवटी तुमचं चाललं, कारण तुम्ही थोरल्या होतात आणि नकाशा तुमच्या पिशवीत होता.

घरी पटवायचं काम अवघड जाईल असं वाटलं होतं. मी ह्यांना सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत मुलींना राजवाडे दाखवू; दिवाळी झाली की दुकानात तसंही गिऱ्हाईक नसतं. हे म्हणाले, "तिकडं बांधणी चांगली मिळती म्हणं." पुढच्या शुक्रवारी तुम्ही सांगितलंत, "मी त्यास्नी म्हटलं, काशीला न्हेतो न्हेतो म्हणत निम्मं आयुष्य काढलंसा, काशी ऱ्हाऊ दे, राजस्थान दाखवा. तर म्हणत्यात कसं, 'तिकडं बांधणी चांगली मिळती म्हणं.'" रसवंतीवाला बघतच राहिला, इतक्या आपण हसलो. दोन भावांत बोलणं नव्हतं, पण वाक्यं अजून एकाच दुकानातली होती.

ते दोन महिने, आक्का, माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. रेल्वेच्या वेळापत्रकाचं पुस्तक तुमच्या शेजारीणबाईंकडून आलं. त्या बाई आदल्या वर्षी टूरबरोबर जाऊन आल्या होत्या. जयपूरच्या शाकाहारी लॉजचं नावही त्यांचंच. आबूला तलावाजवळचं एक गेस्ट हाऊस त्यांनीच सांगितलं. जयपूरचा घोळ मोठा होता, कारण तिथं दोन्ही वाटा एकमेकींवरनं जात होत्या. तुम्ही तो एका वाक्यात सोडवलात: "आमी सकाळी निघायचं, तुमी सांजचं यायचं." आरक्षणाला आपण दोघी बरोबरच गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, एकच आडनाव, एकच गाव, मग एकाच दिवशी का जात नाही? तुम्ही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंत, "घरात भांडण हाय, पावणं. तुमी तिकिटं द्या." त्यानं निमूटपणे दिली.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, "आक्का, एवढा खटाटोप कशासाठी? ते दोघं नाही बोलले तर?" तुम्ही म्हणालात, "न बोलंनात का. मला आबूचा डोंगर बघायचाय."

मी ते खरं मानलं नाही, पण पुढं विचारलंही नाही.

आमच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं निघालात. अव्वाच्या सोबतीला तिची बहीण कागलहून येऊन राहिली होती. अव्वाला सगळं माहीत होतं. वाटेत मी बूथवरून फोन करायचे. ह्यांना वाटायचं आईच्या तब्येतीची चौकशी चालली आहे. अव्वा फोनमध्ये अशी ओरडायची की तारेची गरज पडू नये. "ती दोघं जोदपुरात हाइत! त्याला ऊन लागलंय, पण बरा हाय! तुमी कुटं?" मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरायचे आणि बाहेर उभ्या असलेल्या ह्यांच्याकडं बघून हसायचे.

उदेपूरला आम्ही तलावाच्या काठी बसलो होतो. पाण्यात पांढरा राजवाडा. उमा तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, "दोड्डव्वाला हे लई आवडलं असतं." विद्या मोठी होती, तिनं तिला कोपरानं ढोसलं. थोड्या वेळानं उठून ह्यांनी शेंगदाण्याच्या पुड्या आणल्या आणि उमाच्या हातात दोन दिल्या. चितोडला मात्र तुमची आठवण मला आली, वेगळ्या कारणानं: तिथं दगडच जास्त होते आणि छप्पर फारसं शाबूत नव्हतं. तुम्ही तिथं काय म्हणाल याचा विचार करत मी सगळा गड उतरले.

चितोडहून आम्ही जयपूरच्या गाडीत बसलो, त्याच दिवशी तुम्ही जयपूरहून चितोडला निघाला होतात. वाटेत कुठंतरी आपल्या गाड्या एकमेकींच्या शेजारून जाणार होत्या. तुम्ही मला आधीच सांगून ठेवलं होतं, खिडकीत बस. मी बसले. एका लहानशा स्टेशनात समोरून एक गाडी धडधडत गेली. कोण दिसणार! पण मी पदर सावरून नीट बसले होते, हे तुम्हाला नंतर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी तर हातबी केला हुता."

जयपूरच्या लॉजवर सगळं उघडं पडलं, ते आपल्या नियोजनात नव्हतं. काउंटरवरचा मॅनेजर हसतमुख माणूस. ह्यांनी नावगाव सांगितलं तसा तो म्हणाला, "कोल्हापूर? आज सुबह ही एक कोल्हापूरवाले गये. आपका ही सरनेम था." ह्यांनी मान वर केली. मॅनेजरला आता रंग चढला. शेजारच्या माणसाकडं वळून त्यानं आण्णांची नक्कलच करून दाखवली. पोट पुढं काढून, भुवया चढवून, "ओ पावणं, पानी गरम हाय का न्हाय? न्हाय तो सांगो की!" शेजारचा माणूस खदाखदा हसला.

ह्यांनी पेन काउंटरवर आपटलं.

"हसता किसको?" ह्यांचा आवाज चढला की कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. "बडा भाई है वो मेरा. पानी गरम मंगताय तो क्या गुन्हा किया? तुम पानी गरम नहीं देता और नक्कल करता?"

मॅनेजर गडबडला, हात जोडायला लागला. हे थांबायलाच तयार नव्हते. कोल्हापुरात आमचं केवढं दुकान आहे, आमच्या वडिलांना लोक कसा मान द्यायचे, भावाच्या शब्दाला पेठेत काय वजन आहे, सगळं त्या माणसाला तोडक्यामोडक्या हिंदीत ऐकवलं. 'आमचं दुकान' म्हणाले, आक्का. मी नीट कान देऊन ऐकलं.

मग उमा म्हणाली, "म्हंजे दोड्डव्वा इथं आलीया?"

खोलीत गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, "ती दोघं हितनं कुटं गेल्यात?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "चितोड. मग उदेपूर. आणि शेवटी आबू."

"आपण बी आबूलाच जाणार हाय."

"हो."

"तुला ठावं हुतं."

"हो. मी आणि आक्कांनी मिळून ठरवलं. तुम्हाला यायचं नसेल तर जोधपूर झालं की परतीची गाडी बघू. पण मुलींना ते तुम्ही सांगा, मी सांगणार नाही."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, झालं, तुमचा डोंगर राहिला. मग बाथरूममध्ये जाऊन त्यांनी नळ सोडला आणि आतनंच ओरडले, "ह्याच्या आयला, खरंच गार हाय की पाणी!"

होकार तो एवढाच. जोधपूरच्या किल्ल्यावर ते सगळ्यांच्या पुढं चालत होते.

तिकडं तुमच्याकडं काय झालं ते तुम्ही मला नंतर सांगितलंत. उदेपूरला तुम्ही स्वतःहून आण्णांना सांगून टाकलं होतं. लॉज-बिज काही निमित्त नाही. जेवताना ह्यांचं नाव घेऊन म्हणालात, आबूला चंदू आणि पोरी येणार हाइत. आण्णांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "त्याला ठावं हाय?" तुम्ही म्हणालात, ठाऊक नाही. आण्णा म्हणाले, "मग आला की माघारी जाईल." आणि परत जेवायला लागले. तुम्ही म्हणालात की त्या रात्री तुम्हाला पहिल्यांदा भीती वाटली. हे तुमच्या तोंडून ऐकताना मला विचित्र वाटलं. तुम्हाला भीती वाटते, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

आबू रोडवरून बस वळणं घेत वर चढली. विद्याला उलटी झाली, उमाला झोप लागली. वर पोचलो तर थंडी बोचत होती. स्टँडवर तुम्ही दोघं उभे होतात. तुमच्या अंगावर निपाणीची जाड शाल, आण्णांच्या डोक्यावर माकडटोपी, तीही जयपूरला घेतलेली नवी. आण्णा सकाळपासून येणारी प्रत्येक बस बघत होते, हे तुम्ही मला कानात सांगितलंत.

उमा झोपेतनं उठून सरळ तुमच्याकडं धावली. तुम्ही तिला जवळ घेतलं नाहीत. तिचे खांदे धरून तिला पाठमोरी केलीत आणि विचारलंत, "ह्ये केस कुणी इंचरल्यात?" मीच विंचरले होते. तुम्ही पिशवीतनं फणी काढलीत आणि त्या स्टँडवर, हमालांच्या आणि घोडेवाल्यांच्या गराड्यात, तिची वेणी सोडून परत घालायला बसलात. विद्या, जी स्वतःला मोठी समजत होती, ती शेजारी येऊन आपली पाळी यायची वाट बघत उभी राहिली. तुमचं डोकं खाली होतं. वेणी घालायला तुम्हाला फार वेळ लागला, आक्का. तीन वर्षांपूर्वी तुम्ही ती डोळे मिटून घालायचात.

तेव्हा मला कळलं की सहल कशासाठी होती. भाऊ बोलले असते तर बरंच, नसते बोलले तरी चाललं असतं. तुम्ही तीन वर्षं कधी म्हणाला नव्हता की पोरी हव्यात. माझ्या मुली माझ्याकडं मागायच्या कशा, म्हणून तुम्ही अख्खं राजस्थान मधे घातलंत.

तिकडं भाऊ दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

आण्णा म्हणाले, "प्रवास झाला न्हवं नीट?"

हे म्हणाले, "झाला की."

"जयपूरला उतरलासा कुटं? त्या लॉजवर पाणी गार हाय."

"व्हय. सांगितलं मला त्यानं."

आण्णांनी आमची मोठी बॅग उचलली. ह्यांनी ती त्यांच्या हातातनं काढून घेतली आणि स्वतः उचलली. पुढं जाऊन परत आण्णांनी घेतली. असं करत दोघं गेस्ट हाऊसपर्यंत पोचले.

संध्याकाळी खरी भेट झाली. ह्यांनी जोधपुरात आणि जयपुरात बांधणीचे तुकडे घेतले होते, दुकानासाठी नमुने म्हणून. आण्णांनीही घेतले होते. एकानं पलंगावर पसरले, तसे दुसऱ्यानं आणून शेजारी टाकले. त्यातला एक तुकडा, तांबड्यावर पिवळे ठिपके, अगदी तोच तो निघाला. आण्णांनी ह्यांचा तुकडा चिमटीत धरून चोळला.

"रंग जाणार ह्याचा."

"न्हाय जाणार. लॉजवर धुवून बघितलाय."

"गार पाण्यात?"

"मग दुसरं हुतंच कुटं पाणी!"

आण्णा हसले. हे हसले. त्यानंतर दोघं दिवे लागेपर्यंत त्या तुकड्यांवर बोलत होते. माफी कुणी मागितली नाही. 'तू इथं कामाला आहेस' ह्या वाक्याचं काय झालं, ते कुणी परत घेतलं का, मला आजतागायत माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तलावाकाठी ते दोघं पुढं चालत होते, आपण मागं. तुम्ही म्हणालात, "आता बोलत्यात बग." मी म्हटलं, "सुताचे दर बोलत असतील." तुम्ही म्हणालात, "बोलंनात का, भाऊच हाइत."

त्याच वेळी तुम्ही, तलावाकडं बघत, मला म्हणालात, "सुट्टीत पोरी धाडत जा माझ्याकडं."

मी म्हटलं, "धाडते की."

एवढंच बोलणं झालं. मला तेव्हा आणखी काहीतरी बोलायचं होतं. तीन वर्षं मला दर तापाला तुमची आठवण यायची, उमा झोपेत दोड्डव्वा म्हणायची आणि मला त्याचं वाईटही वाटायचं आणि बरंही, हे सगळं सांगायचं होतं. तुम्ही तेवढ्यात बोटवाल्याशी भाव करायला उठलात. नंतर इतकी वर्षं मिळाली, पण ते बोलायची जागा पुन्हा कधी आली नाही.

सहलीनं सगळं सुरळीत झालं असं काही नाही. दुकानं दोनच राहिली. आण्णांनी पुढं रेडिमेडचा एक कप्पा काढला आणि त्यात माल ह्यांच्या पसंतीचा असायचा, पण पुन्हा एकत्र यायचा विषय कुणी काढला नाही आणि ते बरंच झालं. दोघांचे खटके उडायचे. दोनेक महिने अबोला धरायचा प्रकारही झाला. फरक एवढाच की त्या अबोल्यात मुली कुठं जाणार, हे ठरवायचा हक्क कुणाला राहिला नाही. प्रत्येक सुट्टी त्या पेठेत काढायच्या. अव्वा गेली तेव्हा दोघं भाऊ एकत्र होते. विद्याच्या लग्नाचा बस्ता आण्णांच्या गादीवर बांधला आणि तिची एकूणएक साडी तुम्ही निवडलीत. माझ्या पसंतीची एक होती, तिला तुम्ही "झुळझुळीत" म्हणून बाजूला टाकलीत. मला ती साडी अजून आवडते. हाही वाद राहिलाच.

तुमच्या आजारपणाचं मी लिहीत नाही. दवाखान्यातली एकच गोष्ट लिहिते. शेवटच्या महिन्यात तुमचा आवाज बारीक झाला होता. मी पाय दाबत होते. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "आबू आदी केलं असतं तर चंदू तितनंच माघारी गेला असता."

मी म्हटलं, "नसते गेले. आणि जयपूरला जे झालं ते तुमच्या नियोजनानं नाही झालं, त्या मॅनेजरच्या आगाऊपणानं झालं."

"लॉज कुणी निवडलं हुतं?"

"तुमच्या शेजारणीनं."

तुम्ही म्हणालात, "तू लई भांडतीस." तुमच्या तोंडावर समाधान होतं. नर्स आली आणि विषय तिथंच राहिला. मी अजूनही माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, हे नोंदवून ठेवते.

आता त्या दिवसाचं.

तुम्हाला न्यायला सगळी पेठ आली होती, उचगावची माणसं होती, निपाणीहून तुमचे भाऊ आले होते. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून नेलं. कपाळाला भस्म, गळ्यात फुलं. तुम्ही कुठल्यातरी लग्नाला निघाल्यासारख्या दिसत होतात, आणि थोड्या रागावलेल्या. बायकांनी मागं थांबायचं असं कुणीतरी म्हणालं. विद्या आणि उमानं ते ऐकलंच नाही. त्या चालायला लागल्या, म्हणून मीही गेले.

खड्ड्याजवळ स्वामींनी मंत्र म्हटले. मग माती द्यायची वेळ आली. स्वामी बाहेरगावचे, त्यांना घर माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "मुलं कोण हाइत ह्यांची? आदी त्यांनी पुढं यावं."

आण्णा खाली बघत होते. त्यांचे हात मातीत होते, पण ते उठेनात. निपाणीचा तुमचा भाऊ घसा खाकरून सांगायला लागला की तसं मूलबाळ काही...

ह्यांनी त्याला पुरं बोलू दिलं नाही. मागच्या रांगेतनं ते पुढं आले. आण्णांच्या शेजारी उभे राहिले आणि जयपूरच्या त्या काउंटरवर चढला होता त्याहून खालच्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोन पोरी हाइत. या गं पुढं."

विद्या आणि उमा गेल्या. दोघींनी माती घेतली आणि तुम्हाला दिली. उमाचा हात खूप वेळ तिथंच राहिला. मी माणसांच्या मागं उभी होते, कुणाची तरी शाल हातात धरून. जन्म मी दिला होता आणि मला कुणी पुढं बोलावलं नव्हतं, आणि आक्का, मला त्यात काहीच कमी वाटलं नाही. शेजारच्या एका बाईनं मला हळूच विचारलं, "ह्या पोरी कुणाच्या म्हणायच्या?"

मी म्हटलं, "आक्कांच्या."